काचेतल्या समुद्राचा राखणदार

घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक शत्रू लवकरच भेटतो. पहिले काही आठवडे पाणी स्फटिकासारखे असते. मग काचेवर हिरवट साय धरू लागते, दगडांवर केसांसारखे तंतू वाढतात आणि बघता बघता प्रवाळ, मासे, समुद्रफुले सारे त्या शेवाळात गुदमरून जाते. या शत्रूशी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने चिकाटीने झुंज घेतली आणि त्या झुंजीचे तंत्र सामान्य माणसाच्या हाती दिले, तो फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्गअभ्यासक. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आज ज्या अर्थाने सर्वत्र रूढ आहे, तो त्याच्याच १८५४ मधील ग्रंथामुळे.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील हिंडून-फिरून लघुचित्रे रंगवीत. कमाई बेताची, बिऱ्हाड अस्थिर. बालपण गेले ते पूल या बंदरगावात. समुद्र आणि ओहोटीनंतर खडकांत उरणारी डबकी यांची ओढ त्याला तिथेच लागली. चित्रकलेचा हात वडिलांकडून आला आणि पुढे त्याच्या पुस्तकांतील समुद्रजीवांची रंगीत चित्रे त्याच हाताने घडवली. सतरा वर्षांचा असताना तो न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर या गावी एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेला. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात कीटक, असा त्याचा क्रम होता. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले आणि त्याच वर्षी धर्माकडेही तो पूर्णपणे वळला. विज्ञान आणि श्रद्धा एकाच वर्षी त्याच्या आयुष्यात आली. या दोहोंची ओढाताण शेवटपर्यंत संपली नाही.

मधली वर्षे भटकंतीची. कॅनडातील शेती फसली. अलाबामात काही महिने शिक्षकी झाली. १८३९ मध्ये तो जवळजवळ रिकाम्या हाताने मायदेशी परतला. जमैकात दीड-दोन वर्षे राहून केलेल्या पक्ष्यांच्या अभ्यासाने त्याला नाव मिळवून दिले. १८४८ मध्ये एमिली बोवेझ हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला. १८५२ च्या सुमारास अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून छिन्नी-हातोडीने खडकांवरची समुद्रफुले सोडवू लागला, यात नवल ते काय!

किनाऱ्यावरचा जीव घरी आणला की दोन-तीन दिवसांत मरतो, हा तोवरचा अनुभव होता. पाणी नासते आणि रोज ताजे समुद्रजल कोण आणणार? या प्रश्नाचे निम्मे उत्तर लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आधीच शोधले होते, हे येथे सांगितले पाहिजे. कारण लोकप्रियतेच्या भरात सारे श्रेय गॉसला दिले जाते आणि ते न्याय्य नाही. वॉरिंग्टनने गोड्या पाण्याच्या भांड्यात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, तो मासे घेतात. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, हिरवा बुळबुळीत थर साचला आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी तो थर खाऊन टाकला आणि पाणी निवळले. प्राणी, वनस्पती आणि सफाई करणारा तिसरा भिडू हे सूत्र १८५० मध्ये जगापुढे आले.

गॉस आणि वॉरिंग्टन या दोघांनीही ते समुद्राला लावून पाहिले आणि तेथेच शेवाळाने खरी कसोटी घेतली. सुंदर दिसणारी तांबडी समुद्रशैवाले पेटीत फार टिकत नसत. मरून ती सारे पाणी बिघडवीत. हिरवी अल्वा मात्र तग धरी आणि भरपूर प्राणवायू देई. म्हणून गॉसने शोभेपेक्षा उपयोगाला मान दिला. पण हव्या असलेल्या शैवालाबरोबर नको असलेलेही आले. पाण्यात तरंगणारे त्याचे सूक्ष्म बीजाणू उजेड मिळताच काचेवर रुजत आणि ऊन जितके जास्त, तितकी हिरवी साय दाट होई. यावर गॉसने योजलेले उपाय आजही ऐकण्यासारखे आहेत. पेटीवरचा उजेड बेताचा असावा आणि कडक ऊन पडद्याने अडवावे. मेलेला जीव किंवा शैवालाचा कुजका तुकडा दिसताक्षणी काढावा. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना खारे नव्हे, गोडे पाणी घालावे, कारण मीठ उडून जात नाही. आणि काचेवरची साय खरवडण्यासाठी किनाऱ्यावरच्या लहान शंखगोगलगाई पाळाव्यात.

या गोगलगाईंचे गॉसने केलेले निरीक्षण हा त्याच्या लेखनाचा उत्तम नमुना होय. काचेवरून सरकणाऱ्या गोगलगाईचे तोंड त्याने बाहेरून भिंगाने पाहिले. सूक्ष्म दातांच्या रांगा असलेली तिची फितीसारखी जीभ पुढे येते, काचेवरून घासली जाते आणि शेवाळ कापून आत जाते. गवत कापणाऱ्याच्या विळ्यामागे जसे पट्टे उमटतात, तसेच तिच्या वाटेवर उमटतात, हे त्याला दिसले. आज मुंबई-पुण्यातील हौशी लोक दुकानातून शेवाळखाऊ गोगलगाई आणतात, ती हीच युक्ती. फरक इतकाच की, जादा अन्नातून पाण्यात साचणारे नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचे खत आहे, हे आता ठाऊक झाले आहे. गॉसने कुजका तुकडा काढायला सांगितला, तेव्हा त्याला या रसायनांचा हिशेब ठाऊक नव्हता. तरी उपाय बरोबर होता.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली. साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, दोनशे ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड, हे सारे चार क्वार्टांहून किंचित कमी पाण्यात. एवढ्याने भागत नाही, हे त्याला कळले होते. या पाण्यात तो आधी दगडाला चिकटलेले हिरवे शैवाल ठेवी आणि आठवडाभराने मगच प्राणी सोडी. नव्या पेटीत घाईने मासे सोडून पस्तावणाऱ्यांनी हा आठवडा ध्यानात ठेवावा.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी वेमथच्या किनाऱ्यावरून जीव गोळा करून पाठवणाऱ्यांत गॉस होता. पाठोपाठ त्याच्या पुस्तकांनी इंग्लंडला वेड लावले. दिवाणखान्यात काचपेटी नाही ते घर मागासलेले, अशी हवा झाली. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. मात्र फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि त्याच वर्षी ‘ऑम्फॅलॉस’ हा ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. पृथ्वी निर्माण झाली तीच जीवाश्मांसह, जुनी भासणारी, असा त्याचा दावा होता. बायबल आणि भूशास्त्र यांचा समेट घडवण्याची त्याची आशा होती. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिकही दुरावले. इतका चोख निरीक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यापुढे असा वळसा घेतो, हे त्याच्या चरित्रातील सर्वांत अवघड पान आहे.

यानंतर तो टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्च येथे कायमचा राहिला. ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळ यांवरचा त्याचा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला. तेव्हाच त्याने एलायझा ब्राइटवेनशी दुसरा विवाह केला. उतारवयात ऑर्किडे आणि सूक्ष्मजीव यांत तो रमला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्याचे निधन झाले.

पण त्याआधीच किनाऱ्यावर एक वेगळाच विनाश घडून गेला होता. त्याची पुस्तके हाती घेऊन निघालेल्या संग्राहकांच्या झुंडींनी डेव्हनच्या खडकांतील डबकी ओरबाडून काढली. ज्या कुंडांत लहानपणी वडिलांबरोबर वाकून पाहिले, ती रिकामी झालेली एडमंडने पाहिली. १९०७ मधील आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ते नोंदवले आहे आणि आपल्या कामाचा हा परिणाम पाहून वडिलांना किती यातना झाल्या, हेही.