महागाईचा आकडा आणि नामदार जोशी

शोळिंगनल्लूर, चेन्नई : केंद्रीय सेवेतील मराठी अधिकाऱ्याच्या वेतनात जानेवारी व जुलैपासून वाढणारा महागाई भत्ता आणि येथील माहिती तंत्रज्ञान संकुलाच्या दारावर उभ्या असलेल्या कंत्राटी पहारेकऱ्याचे किमान वेतन, या दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. वेतनाची खरी किंमत बाजारात ठरते, हे ते तत्त्व. ते शासनदरबारी मान्य व्हावे यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे 1879 साली जन्मलेले जोशी 1909 मध्ये भारत सेवक समाजात दाखल झाले. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातील रात्रशाळा व वाचनालये चालवताना कामगाराच्या घरखर्चाची ओढाताण त्यांनी जवळून पाहिली. पहिल्या महायुद्धाने धान्य व कापड महागले, पण मजुरी त्या वेगाने वाढली नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने 1921 मध्ये जुलै 1914 हा पाया धरून राहणीमान खर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा कामगारांच्या गाऱ्हाण्याला प्रथमच सरकारी आकड्याचा आधार लाभला.

1920 मध्ये आयटकच्या स्थापनेत जोशींचा पुढाकार होता. 1921 पासून 1947 पर्यंत ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाचे ते सदस्य होते. संपाइतकाच भर त्यांनी चौकशी, साक्ष व कायदा यांवर दिला. या सनदशीरपणाबद्दल जहाल सहकाऱ्यांची टीका त्यांनी सोसली. 1929 मध्ये तर आयटकमध्येच फूट पडली.

मद्रासचे न्यायविद श्रीनिवास वरदाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली 1946 मध्ये पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला, त्यातही जोशी होते. आयोगाने 1947 मध्ये कनिष्ठतम कर्मचाऱ्यास 30 रुपये मूळ वेतन व 25 रुपये महागाई भत्ता सुचविला आणि भत्त्याची सांगड निर्देशांकाशी घातली. 1948 च्या किमान वेतन कायद्यातही राहणीमान भत्त्याला स्थान मिळाले. 1955 मध्ये जोशींचे निधन झाले.

किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली असली, तरी हे तत्त्व टिकून आहे. तामिळनाडूत किमान वेतनावरील भत्ता चेन्नई शहराच्या निर्देशांकाशी जोडण्याची पद्धत रूढ आहे. प्रश्न आहे तो मोजमापाचा. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी 2001 हे पायाभूत वर्ष 2020 पर्यंत वापरात होते. त्याच काळात शोळिंगनल्लूरचे गाव जाऊन नगर उभे राहिले. कुटुंबाच्या खर्चात घरभाडे, प्रवास व शिक्षण यांचा वाटा बदलला, तरी निर्देशांकातील त्यांचे भार जुनेच राहिले. निर्देशांक मागे राहिला की भत्ताही मागे राहतो आणि त्याची झळ प्रथम अल्प वेतनाच्या माणसाला बसते. भत्त्याचा टक्का जाहीर होतो तेव्हा तो कोणाच्या घरखर्चावरून काढला, हे विचारण्याची जोशींची सवय अधिकाऱ्यांनीही जोपासावी अशी आहे.