संपाला नाही म्हणणारे आणि संप पुकारणारे बाबासाहेब

साताऱ्याची काही मुले मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, हे लहानग्या भीमरावाच्या कानावर आले होते. आई गेलेली, घरात ओढाताण. आपणही पळून जावे आणि गिरणीत काम धरून स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे त्याने ठरवले. भाड्याच्या पैशांसाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा बेत केला. तीन रात्री हुकल्या. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! त्या शरमेतून अभ्यासाचा निश्चय झाला. जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट शिक्षणाचे महत्त्व सांगायला येते. मला मात्र त्यातली गिरणी विसरता येत नाही. पिशवीत पुरेसे पैसे निघाले असते, तर संविधानाचा शिल्पकार कुठल्यातरी गिरणीच्या त्रासन खात्यात पोऱ्या म्हणून लागला असता.

गिरणी चुकली, गिरणगाव चुकले नाही. सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईत आले ते परळच्या डबक चाळीत. पुढे १९१२ पासून १९३४ पर्यंत पोयबावडीची बी.आय.टी. चाळ. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीतच राहत होता. कामगार त्यांना पुस्तकातून कळला नव्हता, तो भिंतीपलीकडे राहत होता.

आता १९२८ कडे येऊ. आजही डावे मित्र आपल्याला याच वर्षावरून टोमणा मारतात आणि आपले काही तरुण खाली बघतात. त्या वर्षी मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. पुढारीपण बरेचसे कम्युनिस्टांकडे होते. बाबासाहेबांना हा संप मान्य नव्हता. का मान्य नव्हता हे समजायचे, तर साचे खात्यात जावे लागेल.

कापड विणण्याचे खाते म्हणजे साचे खाते. पगार चांगला तिथेच. पण अस्पृश्याला तिथे पाय ठेवता येत नसे. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, हा सवर्ण कामगाराचा सवाल. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. घातली होती शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराने, जो संध्याकाळी लाल बावट्याखाली कामगार एकजुटीच्या घोषणा देत होता. त्रासन खात्यातल्या तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या आणि व्याजाने पिचलेल्या माणसाने सहा महिने चूल विझवायची, ती कोणाच्या पगारासाठी?

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे सरळ अट ठेवली. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसे तुमच्याबरोबर राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी हात झटकले: हा अन्याय आमचा नव्हेच! आणि या एका मुद्द्यावर मालक खोटे बोलत नव्हते. १९२९ साली पुन्हा संप झाला, तेव्हा तर बाबासाहेब उघड विरोधात उभे राहिले.

यावरून त्यांना मालकधार्जिणे ठरवणारे एक विसरतात. त्याच १९२८ सालच्या जुलैत मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून आलेल्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले होते आणि त्याचा भार मालकाने उचलावा, असे त्यांनी मांडले होते.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी पक्ष काढला, त्याचे नाव जातीवरून ठेवले नाही. स्वतंत्र मजूर पक्ष. १० जानेवारी १९३८ ला या पक्षाने खोती नष्ट करण्यासाठी कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, आणि ब्राह्मणशाही म्हणजे केवळ ब्राह्मण जात नव्हे हेही बजावले. दाखले रेल्वेतलेच होते. अस्पृश्य गँगमन होऊ शकतो, पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. वर्कशॉपमध्ये तो कुली म्हणून लागतो आणि तिथेच अडकून राहतो.

त्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. तडजोडीची सक्ती, ती प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि वर शिक्षा. बाबासाहेबांचा मुद्दा कायदेपंडिताचा होता आणि चाळीतल्या माणसाचाही. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे. इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी. ती पिढ्यान्‌पिढ्या कोणी भोगली, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. १९२८ साली समोर असलेले डांगे आता एकाच व्यासपीठावर होते. विधेयक तरीही मंजूर झाले.

दहा वर्षांत बाबासाहेब बदलले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: या लढ्यात सगळ्यात खालचा माणूस कुठे उभा आहे?

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांनी चालवली. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर या सालाची भलतीच आवृत्ती फिरते, ती पुढे ढकलू नका.

एक गोष्ट आपण टाळतो, तीही सांगतो. युद्धकाळात कोळसा कमी पडला म्हणून स्त्रियांना खाणीच्या पोटात काम करायला असलेली बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. खाते बाबासाहेबांचे होते, आणि विधानसभेत समर्थनही त्यांनीच केले. आणीबाणीची निकड त्यांनी सांगितली, स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हेही सांगितले. बंदी १९४६ च्या फेब्रुवारीत परत आली. मधल्या काळात खाली उतरलेल्या बायका आदिवासी आणि दलितच जास्त होत्या. हा हिशेब मला चुकता झालेला वाटत नाही.

मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयकही त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मांडले होते. तशी दुरुस्ती शेवटी १९४७ मध्ये, ते पदावर नसताना, मंजूर झाली. ती कधी अमलात आलीच नाही.

७ डिसेंबर १९५६ ला राजगृहातून त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि व्हिन्सेंट रोडने पोयबावडीवरून, गिरणगावातूनच, दादरच्या चौपाटीकडे गेली.