गोंदवल्याचे महाराज आणि तलफेची लाट

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाताना दहिवडी मागे पडली की थोड्याच वेळात गोंदवले लागते. माण तालुका म्हणजे पावसाने वर्षानुवर्षे हुलकावणी दिलेला मुलूख. याच गावी, गोंदवले बुद्रुक येथे, १९ फेब्रुवारी १८४५ रोजी घुगरदरे कुलकर्ण्यांच्या घरात रावजी आणि गीताबाई यांना मुलगा झाला. त्याचे नाव गणपती. पुढे महाराष्ट्राने त्यांना ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज म्हणून ओळखले. त्यांच्या चरित्राकडे भक्त श्रद्धेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीनेही या चरित्रात पाहण्याजोगे बरेच आहे.

गणपती लहानपणीच गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. घरच्यांनी परत आणले, त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयात लग्नही लावून दिले, तरी त्याचा पाय घरात ठरेना. पुष्कळ भटकंतीनंतर मराठवाड्यातल्या येहळेगावी तुकामाई भेटले. तुकामाईंनी या तरुणाला लगेच जवळ केले नाही. कित्येक महिने त्याच्याकडून कष्टाची सेवा करून घेतली आणि मगच अनुग्रह दिला. उपदेश नामाचा होता. रामाचे नाव घ्यायचे, दुसऱ्यांना घ्यायला लावायचे.

महाराज गोंदवल्यास परतले ते रानावनात राहण्यासाठी नाही, तर प्रपंचात राहण्यासाठी. पहिली पत्नी आणि मूल गेल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले, ते आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीच्या एका अंध मुलीशी. त्या काळी अशा मुलीच्या बापाला काय वाटत असेल याची कल्पना करून पाहावी. याच आईसाहेब पुढे गोंदवल्याला येणाऱ्या सगळ्यांच्या आई झाल्या. महाराजांच्या हयातीत १८७६-७७ आणि १८९६-९७ असे दोन मोठे दुष्काळ पडले. उपाशी माणसांना त्यांनी आपल्या शेतात कामाला लावले आणि जेवू घातले. नुसती भाकरी हातावर ठेवली नाही, हातांना काम दिले. रिकामे हात आणि रिकामी संध्याकाळ माणसाला कुठे नेतात हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

तो काळ व्यसनांच्या दृष्टीने आजच्यापेक्षा निर्मळ होता, हा आपला गोड गैरसमज आहे. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळे. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला अफूची गोळी चाटवून कामावर जाणाऱ्या आया मुंबई इलाख्यात होत्या. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. दारू हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन झाले होते. महाराजांकडे येणारी माणसे याच समाजातली होती. कर्जबाजारी, रागीट, संशयी, कसल्या ना कसल्या सवयीने बांधलेली.

या माणसांना महाराज काय सांगत? आधी सवय सोड आणि मग माझ्याकडे ये, अशी अट ते घालत नसत. जसा आहेस तसा नाम घ्यायला लाग, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. व्यसनी माणसाला घरात, गावात, नातेवाइकांत एकच वाक्य हजार वेळा ऐकावे लागते, की तू आधी सोड. सोडता येत असते तर त्याने सोडले नसते का? लाजेने माणूस लपून पितो, लपून पिणारा जास्त पितो. अट न घालता जवळ बसवणे ही उपचाराची पहिली पायरी आहे, आणि आजही अनेक घरांत तीच चुकते.

दुसरी गोष्ट मनाच्या भटकण्याची. नाम घ्यायला बसले की मनात नको ते विचार येतात, ही साधकांची सनातन तक्रार. महाराजांच्या नावाने घरोघर रोज वाचल्या जाणाऱ्या प्रवचनांत तिचे उत्तर पुन्हा पुन्हा येते. विचार आले तर येऊ द्यावेत, त्यांच्याशी कुस्ती खेळू नये, त्यांच्यामागे जाऊही नये. आपण उच्चारलेले नाम आपल्याच कानांनी ऐकावे. लक्ष सुटले की परत नामावर आणावे.

आजचे मानसोपचार ज्याला माइंडफुलनेस किंवा सजगता म्हणतात, त्याची कृती नेमकी हीच आहे. अमेरिकेतील सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी दारू सोडलेल्या रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला. खरी अडचण दारू सोडताना कमी आणि सोडल्यानंतर जास्त असते, हे त्यांनी दाखवून दिले. वॉर्डातले आठ-दहा दिवस निभावतात. मग रुग्ण घरी जातो, पगाराचा दिवस येतो, भावाशी भांडण होते, नेहमीच्या वळणावर नेहमीचे दुकान दिसते आणि तलफ येते. छातीत धडधड, तोंडाला पाणी, डोक्यात एकच विचार. ती आता वाढतच जाणार, प्यायल्याशिवाय शमणार नाही, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तलफ ही लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तिच्याशी झगडले तर ती डोक्यात जास्त घुमते, तिच्या अधीन झाले तर पुढच्या वेळी बळकट होऊन येते. तिसरा मार्ग म्हणजे ती शरीरात कुठे जाणवते ते पाहत श्वासावर लक्ष ठेवून बसणे आणि तिला जाऊ देणे. मार्लाट यांच्या सहकाऱ्यांनी यावर आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८६ रुग्णांच्या चाचणीत, एका वर्षानंतर, हा कार्यक्रम केलेल्यांचे नशा करण्याचे दिवस इतर दोन गटांपेक्षा कमी आढळले.

इथे हात थोडा आखडता घ्यायला हवा. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा चित्र इतके झळझळीत राहिले नाही. तलफ थोडी कमी होते, पण पुन्हा घसरण्याच्या प्रमाणात इतर चांगल्या उपचारांपेक्षा फार फरक दिसला नाही. म्हणजे ही जादू नव्हे, एक उपयोगी हत्यार आहे.

जपाचा शरीरावर परिणाम मात्र मोजता आला आहे. इटलीतील बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावले. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी हृदयाची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. देव कोणता, भाषा कोणती, याने फरक पडला नाही. संथ लय महत्त्वाची ठरली.

अफू सोडवण्याची एक गोष्ट निरनिराळ्या साधुसंतांच्या नावावर सांगितली जाते. साधू अफूबाजाला खडूचा तुकडा देतो. रोज या खडूच्या वजनाइतकी अफू घे, पण घेण्याआधी पाटीवर या खडूने देवाचे नाव लिही. खडू झिजत जातो, अफूही. कोणाची का असेना, गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या पक्की आहे. मात्रा हळूहळू उतरवायची आणि घेण्यापूर्वी क्षणभर थांबायचे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

दारूच्या बाबतीत हा धडा जिवावरचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने देवळात शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद केली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, घाम, ताप यांनी माणूस दगावूही शकतो. अशा वेळी नामाचा नव्हे, रुग्णालयाचा आधार घ्यावा. थायमिनची इंजेक्शने आणि शांत करणारी औषधे देऊन हे दिवस सुरक्षित पार पाडता येतात. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागात ही सोय असते, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जप, ध्यान, श्वास यांची जागा त्यानंतरची, पण ती आयुष्यभराची.

याच सातारा शहरात नरेंद्र दाभोलकर यांनी परिवर्तन संस्थेमार्फत व्यसनमुक्तीचे काम उभे केले, तेही कुठल्याही चमत्काराचा आधार न घेता. एक नामाचा प्रसार करणारा संत आणि एक अंधश्रद्धेविरुद्ध लढणारा डॉक्टर एकाच जिल्ह्यात होऊन गेले. व्यसनी माणसाला धिक्काराने बदलता येत नाही, हे दोघांच्या कामातून सारखेच दिसते.

महाराजांना अखेरच्या वर्षांत दम्याने गाठले. दमेकऱ्याला श्वास ही सहज गोष्ट नसते, एकेक श्वास मिळवावा लागतो. धाप लागलेली असताना ते लोकांना भेटत, त्यांची गाऱ्हाणी ऐकत, आणि त्याच श्वासावर नाम चालू असे. येणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. २२ डिसेंबर १९१३ रोजी, मार्गशीर्ष वद्य दशमीला, पहाटे गोंदवल्यातच त्यांनी देह ठेवला. गोंदवल्यात आजही अन्नदान चालते, येणारा कोण, कुठला, कसल्या सवयीचा, हे पंगतीत कोणी विचारत नाही.