बंगालच्या अंगाईतला सेनापती

कुहीहून नागपूरला महालात खरेदीला गेलं, की भोसल्यांचं नाव कानावर पडतंच. पण पहिल्या रघुजीराजांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहेत? बंगालमध्ये मात्र कित्येक पिढ्या आयांनी त्यांच्या फौजेची भीती घालून लेकरं निजवली. मूल झोपतं, पण सारा कुठून भरायचा, याचा घोर त्या अंगाईतल्या आईला लागलेला असतो.

तिथे या फौजेला 'बर्गी' म्हणत. शब्द आपलाच, बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा, बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं.

तो काळ एका माणसाच्या हुकमावर राज्य चालण्याचा. धनी म्हणेल तिकडे सेनापतीने निघायचं, आणि यायचं ते चौथाई घेऊनच. १७४२ मध्ये भास्करपंत बंगालमध्ये बर्दवानपर्यंत गेले. नवाब अलीवर्दीखानाची रसद तोडली, मुर्शिदाबादेत जगतशेठची पेढी लुटली गेली, हुगळी हाती आली. धास्तावलेल्या इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुढे 'मराठा डिच' म्हणूनच ओळखला गेला.

त्याच वर्षी काटव्याजवळ त्यांनी थाटाने दुर्गापूजा मांडली. पण नवमीच्या सुमारास अलीवर्दीने अचानक छापा घातला आणि पूजा अर्धवट टाकून फौजेला निघावं लागलं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने हे सारं 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लिहून ठेवलंय. जळलेली गावं, पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार. त्याच्या काव्यात तर देवीच भास्करपंतांवर रुसते, कारण त्यांच्या फौजेने बायाबापड्यांनाही सोडलं नाही. ज्या देवीची पूजा मांडली, तिच्याच लेकींचे हाल केले, असा त्याचा रोख.

१७४४ मध्ये पंत पुन्हा बंगालवर गेले. लढून हे वादळ थांबत नाही, हे अलीवर्दीला कळून चुकलं होतं. त्याने चौथाईची बोलणी करायला त्यांना मानकऱ्याच्या तंबूत बोलावलं. ३१ मार्चला विश्वासाने गेलेल्या पंतांना आणि त्यांच्यासोबतच्या वीसेक सरदारांना तिथेच दगा देऊन कापून काढलं. रघुजींनी लढाई सोडली नाही. शेवटी १७५१ च्या तहात ओरिसाचा महसूल आणि बंगालची सालाना बारा लाखांची चौथाई नागपूरकरांच्या पदरात पडली. ज्यासाठी पंतांचा जीव गेला ते मिळालं, पण बघायला ते नव्हते.

दग्याने मारला गेलेला शूर सेनापती म्हणून त्यांच्याबद्दल हळहळ वाटतेच, आणि वाटायलाच हवी. मुलांना भोसल्यांच्या पराक्रमाची गोष्ट जरूर सांगू या, मैत्रिणींनो. पण त्याच रात्री तिकडे एखादी आई लेकरू उराशी धरून रानात पळत होती, हेही सांगू या. तीही आपल्यासारखीच कुणाची तरी लेक होती.