एडगर ॲलन पो : खुन्याच्या तोंडून कथा सांगणारे लेखक

खुनाचा छडा लावणारा गुप्तहेर आणि आपणच केलेला खून स्वतः सांगणारा खुनी, असे दोन्ही कथानायक अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने वाचकांसमोर आणले. त्यांपैकी दुसरा अधिक अस्वस्थ करणारा आहे.

पो यांचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे नाट्यकलावंत दांपत्याच्या पोटी झाला. तिसरे वर्ष पूर्ण होण्याआधीच ते आईला पारखे झाले. रिचमंडचे व्यापारी जॉन ॲलन यांनी त्यांचा सांभाळ केला. परंतु पुढे जुगारातील कर्जामुळे दोघांत वितुष्ट आले. विद्यापीठ सुटले, वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीतूनही १८३१ मध्ये बडतर्फी झाली. नियतकालिकांसाठी लेखन व संपादन हीच उपजीविका उरली.

१८४० मध्ये फिलाडेल्फियात मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या एका पित्याची वेडाच्या कारणावरून मुक्तता झाली. पो यांनी या खटल्याची वृत्तपत्रातून दखल घेतली होती. शांतपणे, आखून खून करणारा मनुष्य वेडा असू शकतो काय, हा त्या काळी न्यायालयांपुढील कळीचा प्रश्न होता.

जानेवारी १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेत हाच प्रश्न आहे. बोस्टनच्या एका मासिकाने ती आधी नाकारली होती. केवळ डोळ्याच्या तिटकाऱ्यापायी वृद्धाचा जीव घेणारा निवेदक आपण वेडे नाही, हे पटवून देण्यासाठीच सारी हकीकत सांगतो. पोलिसांना संशयही नसतो. जमिनीखाली पुरलेल्या हृदयाचे ठोके ऐकू येत असल्याच्या भासाने तो स्वतःच कबुली देतो. त्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये पत्नीचा खून करून तिला तळघरात चिणणाऱ्या पतीला त्याची फुशारकी भोवते. ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) मधील खुनी मात्र पन्नास वर्षे सापडत नाही. तिन्ही कथांत बाहेरचा साक्षीदार नाही. म्हणून वाचकाला खुन्याच्याच शब्दांवर विसंबावे लागते.

या कथा लिहिल्या जात असताना पो यांच्या पत्नी व्हर्जिनिया क्षयाशी झुंजत होत्या. १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी पो बाल्टिमोरच्या एका मद्यालयात विपन्नावस्थेत, दुसऱ्याच कुणाचे असावेत अशा कपड्यांत आढळले. चार दिवसांनी, ७ ऑक्टोबर रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. आपल्यावर काय प्रसंग गुदरला, हे सांगण्याइतकी शुद्ध त्यांना अखेरपर्यंत आली नाही.