पंडिता रमाबाई : पदवीनंतरचा अभ्यास



आमच्या आयटी क्षेत्रात परीक्षा पास झाली, सर्टिफिकेट मिळाले की माणूस एक्स्पर्ट! धर्माच्या अभ्यासात हे कसे ठरवायचे? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात याचे एक उत्तर सापडते, आणि त्यातली तीन वर्षे तर आपल्या इंग्लंडमधली आहेत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने रमाबाईंना. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या घरात हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ झाले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे २०!

इथे दुसरे कोणी थांबले असते. पण पुढे वेद आणि धर्मशास्त्र वाचताना, या ग्रंथांत स्त्रीला जागा कुठे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. पदवीनंतर शंका वाढल्याच.

पती वारल्यावर १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या वाँटेजच्या सिस्टर्सकडे आल्या. त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गदारोळ उडाला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, स्वतःही शिकत होत्या. पण इथल्या धर्मगुरूंचे म्हणणेही त्यांनी डोळे मिटून मानले नाही. पत्रांतून वाद घातले.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. शेकडो निराधार स्त्रियांचा संसार सांभाळत त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अख्खे बायबल मराठीत आणले. संस्कृतच्या या पंडितेने त्यात संस्कृत शब्द मात्र कटाक्षाने कमी ठेवले, कारण ते अल्पशिक्षित बायकांना वाचता यायला हवे होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. मिशनमधल्या मुलींनीच ते छापले.

त्यांचे धर्मांतर पटो वा न पटो, मोजपट्टी विचार करण्यासारखी आहे. विशीत त्यांची विद्या विद्वानांनी तपासली. साठीत त्यांनी ती केडगावच्या बायकांसमोर ठेवली. मला दुसरी परीक्षा जास्त अवघड वाटते. तुम्हाला?