असोद्याची लेक, काळ्या आईची गायिका

श्रावण शुद्ध पंचमी उजाडली, की घरोघरी पाटावर वा भिंतीवर नागाचे चित्र रेखाटले जाते. त्या दिवशी नांगर धरावयाचा नाही, भूमी खणावयाची नाही, विळीवर भाजीसुद्धा चिरावयाची नाही, असा वडीलधाऱ्यांचा दंडक. उंदरांपासून धान्य राखणाऱ्या या क्षेत्रपालास आपल्या हातून इजा न व्हावी, एवढाच त्यामागील भाव. अशाच नागपंचमीस, १८८० साली, जळगावनजीकच्या असोदे गावी महाजनांच्या घरी एक कन्या जन्मली, असे मानले जाते. त्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी. (तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई निराळ्या, हे भाविक वाचकांस सांगावयास नकोच.)

उखाजी महाजनांची ही लेक तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी सून म्हणून आली. घर शेतकऱ्याचे, माणसांनी भरलेले; कामास अंत नव्हता. शाळेचे तोंड तिने कधी पाहिले नाही. तिशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरात तीन मुले. पुढे घरात वाटण्या झाल्या आणि कष्ट अधिकच वाढले. या दुःखावरही तिने गाणे रचले. त्यात ती ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस म्हणून बजावते. नशिबापुढे रडत न बसता हातांवर भिस्त ठेवणारी ही विधवा आम्हांस फार मोठी वाटते.

तिची गाणी कागदावर नव्हे, जात्यावर आणि शेतात जन्मली. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात लागला, की ओवी आपोआप ओठी येई. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, विहिरीवरची मोट, बैलांचा पोळा, आखाजीचा झोका यांतले काहीही तिने सोडले नाही. चोचीने घरटे विणणाऱ्या सुगरणीचे तिला कोण कौतुक! हाताची दहा बोटे मिळालेल्या माणसाला तिने त्या इवल्या पाखरापुढे उभे केले. धरित्री तर तिची आईच. पर्यावरण हा शब्द तिच्या कानी पडला नसेल. तसा प्रचार करावा, हेही तिच्या मनी नव्हते. पण आईच्या अंगावर पाय देताना मन जसे कचरते, तसे जमिनीविषयी कचरावे, हे तिची ओवी ऐकणाऱ्या बायकांना वेगळे शिकवावे लागत नसे.

आणि ओवी ही एकटीची कला नव्हेच. जात्याला दुसरीचा हात लागतो, निंदणीला बायकांची ओळ लागते; एकीने सुरू केलेले गाणे दुसरी पुढे नेते. जळगाव-धुळ्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरी दळलेल्या गव्हाचे रोट होतात, रात्र अहिराणी गाण्यांनी जागते आणि सोमवारी माय पाण्यात निरोप घेते. नदीला पाणी हवे, शेतात गहू हवा, तरच हा कुलाचार चालावयाचा! आता पीठ गिरणीतून येते. जाते थांबले, त्याबरोबर किती ओव्या गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

बहिणाबाईंच्याही पुष्कळ ओव्या अशाच वाऱ्यावर गेल्या. काही वाचल्या त्या पुत्र सोपानदेवांमुळे. शाळकरी सोपानाने सावित्री-सत्यवानाची कथा आईस वाचून दाखविली आणि सकाळी तिच्या मुखी त्याच कथेचे गाणे होते, असे सांगतात. तेव्हापासून जमेल तसे टिपून घेणे सुरू झाले. ३ डिसेंबर १९५१ रोजी माउलीने देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्रे वाचून थक्क झाले. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. एकही पुस्तक न वाचलेल्या या बाईचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले.

जळगावच्या चौधरी वाड्यात तिच्या हाताखालच्या वस्तू जपून ठेविल्या आहेत. सणाला माहेरी आलेल्या लेकींनी सोबत मुलांना घेऊन तेथे एकदा अवश्य जावे.